खोडलेल्या ओळी कशा वाचायच्या? एका कथास्पर्धेचे प्रकरण

कथास्पर्धेच्या पत्रकात शेवटी शेवटी एक ओळ असते : ‘विजेत्या कथांचे पारितोषिक वितरण समारंभात जाहीर वाचन होईल.’ बक्षिसाची रक्कम, शब्दमर्यादा, अंतिम तारीख यांवर समितीत तासन्‌तास वाद होतात. या ओळीवर कोणी बोलत नाही, ती शोभेची वाटते. पुढचे सगळे प्रकरण त्या ओळीने उभे केले.

हे प्रकरण कुठल्या एका संस्थेचे नाही. अशा स्पर्धांमध्ये पुन्हा पुन्हा येणाऱ्या अडचणी एकाच स्पर्धेत एकत्र आल्या तर काय होईल, अशी कल्पना करून ते अभ्यासासाठी रचले आहे. स्पर्धेतले आकडे त्याच हिशेबाने घ्यावेत. अधूनमधून येणारे बाहेरचे दाखले मात्र खरे आहेत.

स्पर्धा आणि ती कथा

हौशी वाचकांनी चालवलेली छोटी साहित्यसंस्था, कथास्पर्धेचे तिसरे वर्ष. नियम नेहमीचेच : कथा अप्रकाशित हवी, तीन हजार शब्दांच्या आत हवी, कथेवर लेखकाचे नाव नको. बक्षिसे तीन. कथा आल्या १८०च्या आसपास. पहिल्या चाळणीत प्रत्येक कथा दोघांनी वाचायची, दोघांचे मत टोकाचे वेगळे पडले तर तिसऱ्याकडे द्यायची. त्यातून उरलेल्या २५ कथा तीन परीक्षकांकडे गेल्या.

आधीच्या दोन वर्षी वाचनाचा कार्यक्रम छान झाला होता. विजेते बोलके निघाले, कथा आटोपशीर होत्या, सगळे वेळेत उरकले. त्यामुळे आपली पद्धत बसली आहे असा समितीचा समज झाला. पद्धत नव्हतीच, दोन्ही वर्षी नशिबाने साथ दिली होती.

तिसऱ्या वर्षी पहिली आलेली कथा म्हणजे एक पत्र होते. वडिलांचे घर विकायचे की ठेवायचे यावरून बहीण-भावात अबोला आहे, आणि बहीण रात्रभर बसून भावाला पत्र लिहिते आहे. लिहिते, खोडते, पुन्हा लिहिते. खोडलेल्या ओळी कथेत तशाच ठेवल्या होत्या, मधून रेघ मारलेल्या पण वाचता येतील अशा. न खोडलेला मजकूर तेवढा वाचला तर पानभराचे सभ्य, कोरडे पत्र उरते. कथा रेघांखाली होती. ‘आईच्या शेवटच्या आठवड्यात तू आला नाहीस’ हे वाक्य चार वेळा लिहून चारही वेळा खोडलेले, दर वेळी एखादा शब्द इकडचा तिकडे. आणि पाचव्या वेळी त्या जागी ‘तुझी तब्येत कशी आहे?’ एवढेच. कागदावर हे विलक्षण जमले होते.

ही कथा चाळणीतच गळणार होती, ते कारण स्पर्धा घेणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कथा ऑनलाइन अर्जाच्या चौकटीत चिकटवायची किंवा फाइल जोडायची, असे दोन पर्याय होते. लेखिकेने सावधपणे दोन्ही केले. चौकटीतल्या मजकुरातून रेघा उडाल्या. एका वाचकाकडे तो मजकूर गेला आणि त्याने शेरा मारला : ‘तीच तीच वाक्ये. संपादनाची गरज.’ दुसऱ्याने जोडलेली फाइल उघडली आणि कथेला सर्वाधिक गुण दिले. मते टोकाची पडली म्हणून ती तिसऱ्याकडे गेली आणि बचावली. तिसऱ्या वाचकाचा नियम नसता तर पुढचे काहीच घडले नसते, आणि संस्थेला त्याचा पत्ताही लागला नसता.

परीक्षकांपैकी दोघांनी तिला पहिला क्रमांक दिला. तिसऱ्याने सातवा. विचारले तेव्हा त्यांनी सरळ सांगितले, “कथा उत्तम आहे. पण ही स्टेजवर वाचणार कशी? मी कार्यक्रमाचा विचार करून गुण कापले.”

निकषांत वाचनाचा उल्लेख नव्हता. तरी या परीक्षकांना दोष द्यायला माझे मन धजत नाही, कारण पत्रकातली ती शोभेची ओळ गांभीर्याने वाचणारे ते एकटेच होते. पण ज्या निकषाची स्पर्धकांना कल्पना नाही, त्यावर गुण कापणे हा स्पर्धकांवर अन्याय, यात शंका नाही. समितीने त्यांना कथा केवळ कागदावरची कथा म्हणून पुन्हा तपासायला सांगितली. त्यांनी तिला दुसरा क्रमांक दिला आणि निकाल ठरला. दुसरे बक्षीस एका खुसखुशीत संवादकथेला मिळाले, १६०० शब्दांची. तिसरे दोन काळांत ये-जा करणाऱ्या एका आत्मनिवेदनाला, मर्यादेला टेकलेल्या.

“मी लिहिलंय, वाचणार नाही”

संयोजिकेने अभिनंदनाचा फोन केला आणि बोलण्याच्या ओघात वाचनाचा विषय काढला.

“समारंभाला नक्की येईन. पण वाचणार नाही,” लेखिका म्हणाल्या.

“अहो ताई, लोकांना लेखकाच्या तोंडूनच ऐकायला आवडतं. सराव करून घेऊ आपण.”

“सरावाचा प्रश्न नाही. मला चारचौघांत वाचायचं नाहीये. मी लेखनाच्या स्पर्धेत भाग घेतला होता.”

समितीच्या बैठकीत यावर दोन तट पडले. एका सदस्याचे म्हणणे, वाचन हा स्पर्धेचा भाग आहे, तो टाळणाऱ्याचे बक्षीस राखून ठेवावे. दुसऱ्यांचे म्हणणे, वाचन होईल असे आपण जाहीर केले आहे, लेखक वाचेल असे नाही. पत्रक काढून पाहिले. ‘वाचन होईल.’ कोण करेल, किती वेळ, पूर्ण की निवडक, कशाचाच पत्ता नाही. अशा वेळी संदिग्धतेचा फायदा स्पर्धकाला द्यायचा, कारण नियम त्याने लिहिलेला नसतो. समितीने शेवटी तेच केले आणि वाचन ही संस्थेची जबाबदारी ठरवली.

लेखकानेच वाचावे ही अपेक्षा मराठी श्रोत्यांत खोल रुजलेली आहे. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी कथाकथनाचे कार्यक्रम गाजवले, व. पु. काळ्यांनी एकट्याने गाजवले. लिहिणारा आणि सांगणारा एकच असतो, असे त्यातून आपल्या मनात बसले. पण त्या मंडळींकडे दोन वेगवेगळ्या कला होत्या. एक असली की दुसरी असतेच असे नाही, आणि चांगल्या लेखकाकडे दुसरी नसली तर त्यात उणे काही नाही.

जगात इतरत्र ही दोन कामे सर्रास वेगळी ठेवतात. न्यूयॉर्कच्या सिम्फनी स्पेस या नाट्यगृहात १९८५ पासून चालत आलेल्या ‘सिलेक्टेड शॉर्ट्स’ कार्यक्रमात कथा अभिनेते वाचतात. बीबीसीच्या राष्ट्रीय लघुकथा पुरस्काराच्या अंतिम पाच कथा रेडिओवर अभिनेत्यांच्या आवाजात प्रसारित होतात. लंडनमध्ये २००७ साली सुरू झालेल्या ‘लायर्स लीग’चे तर ब्रीदच असे आहे : लेखक लिहितात, अभिनेते वाचतात, श्रोते ऐकतात. तिथे कथा पाठवणाऱ्याला आपली कथा दुसऱ्याच्या तोंडून येणार हे पहिल्यापासून ठाऊक असते. आपल्या प्रकरणातल्या लेखिकेला ते फोनवर कळले.

सत्तावीस मिनिटे

संस्थेच्या ओळखीत एक चांगला नट होता, मोकळाही होता, म्हणून कथा त्याच्याकडे गेली. पत्र लिहिणारी बाई आणि वाचणारा पुरुष. हे कोणाला खटकले नाही, कारण तोवर सगळ्यांची चिंता वेळेची होती.

कार्यक्रम दोन तासांचा. स्वागत, मनोगते, परीक्षकांचे भाषण, बक्षिसे वजा जाता वाचनाला पाऊण तास उरत होता, म्हणजे कथेला १५ मिनिटे. कथा २८०० शब्दांची. एका सदस्याने इंग्रजी श्राव्यपुस्तकांचा दर धरला होता, मिनिटाला दीडशे शब्द. त्यानेही १९ मिनिटे होत होती, पण “थोडं भरभर वाचू” म्हणून विषय मिटला होता. नटाने घरी घड्याळ लावून वाचले तर २७ मिनिटे. तो रेंगाळला नव्हता. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटून येतात, त्यामुळे शब्द संख्येने कमी आणि लांबीला जास्त. इंग्रजीचा दर मराठीला लावला की हिशेब चुकणारच. सभागृहात अर्थ पोचवत, विराम घेत वाचायचे तर मिनिटाला शंभराच्या आसपास शब्द धरावेत. घाई केली तर पहिला बळी विरामाचा जातो, आणि या कथेत विराम गेला म्हणजे कथाच गेली.

नटापुढची खरी अडचण तर वेगळीच होती. रेघ वाचायची कशी? त्याने आधी प्रत्येक खोडलेल्या ओळीनंतर “खोडलं” असे म्हणून पाहिले. चौथ्या-पाचव्या वेळेला त्याला स्वतःलाच हसू यायला लागले. मग खोडलेल्या ओळी दबक्या आवाजात वाचून पाहिल्या. त्या कुजबुजीसारख्या, गुपित सांगितल्यासारख्या येऊ लागल्या. खोडणे म्हणजे गुपित सांगणे नव्हे, बोलून गेल्यावर जीभ चावणे आहे. मग त्याने अनुभवी माणूस करतो तेच केले : मजकूर कापला. वारंवार आलेली वाक्ये एकेकदाच ठेवली, अर्ध्या तुटलेल्या ओळी काढल्या, दुवे नीट जोडले. कथा १४ मिनिटांत बसली आणि वाचायला गुळगुळीत झाली.

कापलेली प्रत समारंभाच्या दोन दिवस आधी, शिष्टाचार म्हणून, लेखिकेला पाठवली गेली. त्यांचा निरोप आला : ‘ही माझी कथा नाही. हा तिचा सारांश आहे. हे वाचणार असाल तर माझे नाव घेऊ नका.’

नटाची बाजूही समजून घ्यायला हवी. रंगभूमीवर संहितेला कात्री लावणे रोजचे आहे. दिग्दर्शक कापतो, नाटककार कुरकुरतो, प्रयोग होतो. त्याने काही कारस्थान केले नव्हते, त्याला कोणी मर्यादाच सांगितली नव्हती. पण नाटक प्रयोगासाठी लिहिलेले असते आणि ही कथा कागदासाठी. शिवाय त्याने जे अडखळणे म्हणून काढले तेच लेखिकेने जपून रचले होते. चार वेळा खोडलेले वाक्य एकदाच खोडले की बहीण पत्र लिहिताना नुसती चुकते. चार वेळा खोडले तर ती रात्रभर झुंजते.

कायद्याचा मुद्दा इथे थोडक्यात. लेखकाच्या हक्कांबाबतच्या बर्न कराराच्या ११-तिसऱ्या कलमानुसार साहित्यकृतीच्या जाहीर वाचनाला संमती देण्याचा अधिकार लेखकाचा आहे. १९२८ च्या रोम परिषदेत त्याच करारात आलेले ६-दुसरे कलम लेखकाला त्याच्या नावलौकिकाला बाधा आणणाऱ्या फेरफाराला हरकत घेऊ देते. भारतीय कॉपीराइट कायद्यातले, म्हणजे १९५७ च्या कायद्यातले, ५७ वे कलम त्याच अर्थाचे. वेळेसाठी केलेली प्रत्येक काटछाट या कलमांत बसते असे मुळीच नाही आणि कथास्पर्धेसाठी कोणी न्यायालयात जात नाही. पण ‘आमच्या कार्यक्रमात आम्ही वाचतोय, विचारायचं काय त्यात?’ हा जो भाव समितीत होता, त्याला आधार नव्हता एवढे त्यातून कळते.

दोन दिवसांत काय करता आले असते

संयोजिकेपुढे तीन-चार वाटा होत्या. कथा पूर्ण वाचायची तर तिसऱ्या बक्षिसाच्या कथेचे वाचन रद्द करावे लागले असते. त्या लेखकाने काय बिघडवले होते? पहिली दहा मिनिटे वाचून ‘पुढची कथा पुस्तिकेत वाचा’ म्हणता आले असते. हे कादंबरीला चालते. कथेचे वजन बहुधा शेवटाकडे असते, तिचा आरंभ तेवढा ऐकवणे म्हणजे श्रोत्याला जिन्यात उभे करून परत पाठवणे. वाचनच न करता कथा छापून वाटायची, हा पर्याय लेखिकेने स्वतः सुचवला होता. तो सर्वांत प्रामाणिक होता, पण पत्रकातल्या जाहीर शब्दाशी विसंगत.

संयोजिकेने लेखिका आणि नट यांची फोनवर थेट गाठ घालून दिली आणि स्वतः बाजूला झाली. तोवर दोघांमधले सगळे बोलणे तिच्यामार्फत चालले होते, आणि मध्यस्थामार्फत मजकुरावर बोलणे म्हणजे नुसते निरोप पोचवणे. दोघे थेट बोलू लागल्यावर नटाने दुसऱ्याच मिनिटाला विचारले, “ताई, लिहिताना तुम्हाला रेघ ऐकू येत होती का?” लेखिका म्हणाल्या की रेघ नाही, पण मध्येच कोणीतरी तोडतंय असं वाटायचं. तिथून वाट सापडली.

वाचायला दोन स्त्रिया घ्यायच्या. एकीने खोडलेले वाचायचे, दुसरीने राखलेले. पहिली बोलत असताना तिचे वाक्य पुरे व्हायच्या आत दुसरीने शांतपणे सभ्य वाक्य टाकायचे. दबका आवाज नाही, ‘खोडलं’ नाही. नटाने स्वतःची जागा सोडली आणि बसवण्याचे काम घेतले. हा माणूस रुसला असता तर प्रकरण इथेच संपले असते.

काटछाट लेखिकेने स्वतः केली, एका रात्रीत. त्यांनी नटासारखी सगळीकडून थोडी थोडी छाटणी केली नाही. घराच्या मोजणीचा आणि कागदपत्रांचा सगळा धागा मुळासकट काढला आणि पुनरुक्ती मात्र एकही काढली नाही. उरले १७०० शब्द, वाचायला १६ मिनिटे. एक मिनिट जास्त झाले. ते परीक्षकांच्या भाषणातून घेतले आणि कोणाला चुकल्यासारखे वाटले नाही.

लेखकाने स्वतः कापायचे, यात नवे काही नाही. चार्ल्स डिकन्सने १८५३ च्या डिसेंबरात बर्मिंगहॅममध्ये ‘अ ख्रिसमस कॅरल’चे पहिले जाहीर वाचन केले ते तीन तासांच्या घरात गेले. पुढे त्याने वाचनासाठी वेगळी प्रतच बनवली : छापील पाने मोठ्या कोऱ्या कागदांत बसवून घेतली, परिच्छेदच्या परिच्छेद खोडले, समासात आवाजाच्या खुणा लिहिल्या. कापता कापता वाचन दीड तासाच्या आसपास आले. ती प्रत आज न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहे. जगातल्या सर्वांत लोकप्रिय लेखकाला आपली छापील कथा ऐकवण्याजोगी वाटली नाही, यात स्पर्धा घेणाऱ्यांसाठी पुरेसा इशारा आहे. फरक इतकाच की खोडणारा हात त्याचा स्वतःचा होता.

तिसऱ्या बक्षिसाच्या कथेकडे या धांदलीत कोणाचे लक्ष गेले नाही, आणि तिचे नुकसान सर्वांत जास्त झाले. ती लेखकाने स्वतः वाचली, भरभर, मान खाली घालून. पण दोष वाचनापुरता नव्हता. ही कथा वर्तमान आणि वीस वर्षांपूर्वीचा काळ यांत ये-जा करते, आणि कागदावर दर बदलाला एक ओळ मोकळी सोडलेली आहे. मोकळी ओळ ऐकू येत नाही. शिवाय मराठी क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि कर्ता अनेकदा गाळलेला असतो. ‘मग उठून खिडकीपाशी गेला’ यातला ‘तो’ कोणता, बाप की मुलगा, हे वाचणारा वर नजर टाकून पाहतो. ऐकणाऱ्याला वर पाहायची सोय नाही. लांबलचक धातुसाधित विशेषणांचेही तसेच : ‘सकाळपासून दारात ताटकळत उभ्या असलेल्या, कोणाशीच न बोललेल्या…’ इतके झाल्यावर नाम येते, तोवर श्रोता हे सगळे हातात धरून बसलेला असतो. कागदावर ही घडण सुंदर दिसते. वाचनाच्या प्रतीत अशा वाक्याचे दोन तुकडे करावेत, कर्त्याचे नाव पुन्हा घालावे, काळ बदलताना ‘त्या वर्षी’ एवढे दोन शब्द टाकावेत. दहा मिनिटांचे काम आहे. ते करून देणारा एखादा वाचक-संपादक या लेखकाला मिळायला हवा होता.

समारंभ

पहिल्या कथेचे वाचन चांगले झाले. नेत्रदीपक नव्हे, चांगले. पहिली दोन मिनिटे श्रोते गोंधळले, मग त्यांना रीत समजली, आणि चौथ्यांदा वाक्य तुटले तेव्हा सभागृह पूर्ण शांत होते. निवेदकाने सुरुवातीलाच सांगितले होते की हे वाचन लेखिकेने स्वतः संक्षिप्त केलेल्या प्रतीचे आहे आणि पूर्ण कथा पुस्तिकेत आहे. पुस्तिका वाचनानंतर वाटल्या. आधी वाटल्या असत्या तर अर्धे लोक मान खाली घालून ओळीवर बोट ठेवत बसले असते आणि पाने उलटण्याचा आवाज सभागृहभर झाला असता.

घोटाळा झाला तो ‘श्रोता पसंती’च्या चिठ्ठ्यांमुळे. ही कल्पना उत्साहाच्या भरात ऐनवेळी घातलेली होती. दुसऱ्या बक्षिसाच्या संवादकथेने मोठ्या फरकाने पसंती मिळवली. तिच्या लेखकाने ती सफाईने वाचली होती, हशा वसूल केला होता, आणि ती सर्वांत शेवटी वाचली गेली होती. मागच्या रांगेतून शेरा आला, “परीक्षकांना कळत नाही ते लोकांना कळतं.” परीक्षकांपैकी एकांनी माइक हाती घेऊन पहिली कथा श्रेष्ठ का, ते समजावायला सुरुवात केली. आधीच ऐकलेल्या कथेचा मोठेपणा भाषणाने पटवून देता येत नाही. ते जितके बोलले तितकी पहिली कथा अवघड आणि दुसरी लाडकी होत गेली.

श्रोत्यांची पसंती खोटी नव्हती. ती कथेबद्दल होती असे मानणे चूक. त्या चिठ्ठीत कथा, वाचणारा, क्रम आणि संध्याकाळचा शीण हे सगळे एकत्र मोजले गेले. क्रमाचा परिणाम तर तज्ज्ञ परीक्षकांनाही चुकत नाही. ब्रुसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ पियानो स्पर्धेत वादनाचा क्रम सोडत काढून ठरतो; तरीही तिच्या निकालांचा अभ्यास करून फ्लोरेस आणि गिन्सबर्ग या अर्थशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये दाखवले की पहिल्या दिवशी वाजवणाऱ्यांचा अंतिम क्रमांक खाली राहण्याकडे कल होता. जिथे व्यावसायिक कानांची ही गत, तिथे तासभर खुर्चीत बसलेल्या श्रोत्याकडून तिसऱ्या कथेनंतर पहिलीला न्याय मिळावा ही अपेक्षाच चुकीची.

आणखी एक काटा दुसऱ्या दिवशी निघाला. कोणीतरी तिन्ही वाचने मोबाइलवर चित्रित करून समाजमाध्यमांवर टाकली होती. तिसऱ्या लेखकाने आपली कथा एका मासिकाकडे पाठवायचे ठरवले होते. अनेक स्पर्धा आणि मासिके ‘अप्रकाशित’ या शब्दात इंटरनेटवर आलेले काहीही धरत नाहीत. चित्रफीत काढून टाकायला दोन दिवस विनवण्या कराव्या लागल्या. पहिल्या कथेच्या दोन्ही वाचिकांनाही कोणी विचारले नव्हते. सादर करणाऱ्याचेही आपल्या सादरीकरणावर हक्क असतात, याचा समितीला पत्ता नव्हता.

पुढच्या वर्षीचे नियम

आढावा बैठकीत पहिलाच प्रस्ताव आला तो शंभरपैकी वीस गुण ‘श्रवणीयते’ला ठेवण्याचा. वरवर पाहता सगळी दुखणी त्याने बरी होतात : परीक्षक वाचनाचा विचार उघडपणे करतील, अवघड कथा आपोआप मागे पडतील, कार्यक्रम रंगेल. माझ्या मते हा प्रस्ताव या प्रकरणातली सर्वांत धोक्याची गोष्ट होता. गुणांचा असा वाटा जाहीर झाला की लिहिणारे त्याप्रमाणे लिहितात. दोन वर्षांत संवाद, विनोद आणि शेवटच्या ओळीतला धक्का यांचेच पीक येईल, आणि खोडलेल्या ओळींची कथा कोणी पाठवणारच नाही. ऐकण्यासाठीच्या कथांची स्पर्धा घ्यायला हरकत काहीच नाही. मग ती त्या नावाने घ्यावी आणि परीक्षकांनीही कथा वाचू नयेत, ऐकाव्यात. कागदावर निवडायचे आणि कानासाठी गुण कापायचे, हे दोन्हीकडून फसवे आहे.

प्रस्ताव एका मताने पडला. काठावरच म्हणायचा.

मंजूर झाले ते असे. परीक्षण फक्त छापील प्रतीवर होईल आणि ती प्रत जोडलेल्या फाइलचीच असेल. चिकटवण्याची चौकट अर्जातून काढली. निकालानंतर प्रत्येक विजेत्याकडून वाचनाची वेगळी प्रत मागवायची, जास्तीत जास्त दीड हजार शब्दांची. कापायचे काम लेखकाचे, हवी असेल तर संस्थेकडून एका संपादकाची मदत, आणि लेखकाने पाहिल्याशिवाय एकही शब्द बदलायचा नाही. स्वतः वाचायचे की दुसऱ्याने वाचावे, हे लेखक अर्जातच कळवेल. दुसऱ्याने वाचायचे असल्यास वाचक ठरवताना त्याचे मत घेतले जाईल. नुसते छापावे, वाचू नये, हाही पर्याय अर्जात आहे. वाचकाला मानधन मिळेल आणि सरावासाठी किमान तीन आठवडे. चित्रीकरण संस्था करेल, तेही लेखी संमती असेल तर, आणि श्रोत्यांना तशी सूचना सुरुवातीलाच दिली जाईल.

वाचनाचा क्रम सोडत काढून ठरेल. निकाल वाचनाच्या आधी जाहीर होईल की नंतर, यावर तासभर खल झाला. आधी जाहीर केला तर लोक पहिल्या कथेकडे ‘दाखवा बघू काय ते’ अशा नजरेने पाहतात, नंतर केला तर मनातल्या निकालाशी ताडून पाहतात. शेवटी आधीच जाहीर करायचे ठरले, कारण नंतर जाहीर केल्याने वाचनाची स्पर्धा चालू आहे असा समज होतो. मला हा निर्णय पटतो, पण उलट बाजू दुबळी नाही.

‘श्रोता पसंती’ रद्द करायला कोणी तयार होईना, लोकांना ती फार आवडली होती. मग चिठ्ठीवरचा प्रश्न बदलला. पूर्वी ‘आवडलेली कथा’ असे होते, आता ‘आवडलेले वाचन’ आहे आणि बक्षीस वाचणाऱ्याला मिळेल, मग तो लेखक असो की दुसरा कोणी.

दोन गोष्टी अनिर्णित आहेत. पहिली, दीड हजार शब्दांची मर्यादा सरसकट लावायची की नाही. जिला कापताच येत नाही अशी तीन हजार शब्दांची कथा पहिली आली तर तिला तीस मिनिटे द्यायची आणि बाकी दोन कथांचे काय करायचे, यावर समितीत एकमत नाही. दुसरी, संपादकाच्या मदतीची. तिसऱ्या बक्षिसाचे लेखक आढावा बैठकीला मुद्दाम आले होते. त्यांचे म्हणणे, वाचनासाठी तुटलेली, नाव पुन्हा घातलेली वाक्ये त्यांना आता छापील प्रतीतही हवीशी वाटतात, मग पुस्तिकेत कोणती प्रत छापायची? बक्षीस तर जुन्या प्रतीला मिळाले आहे. समितीने तूर्त बक्षीसपात्र प्रतच छापायचे ठरवले असून हा विषय पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर आहे.